बाळाच्या किडनीला सूज सांगितली आहे? पहिल्या सोनोग्राफीपासून ऑपरेशननंतरच्या वर्षांपर्यंत काय काय करायचं

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टरांचा हात एका जागी थांबला आणि परत परत तिथेच फिरायला लागला. रिपोर्टमध्ये एकच ओळ वेगळी होती: डाव्या किडनीत हायड्रोनेफ्रोसिस, एपी (पुढून-मागे) व्यास ८ मिलीमीटर. घरी पोचेपर्यंत आम्ही मनातल्या मनात ती किडनी काढूनही टाकली होती. प्रत्यक्षात लेकाचं ऑपरेशन झालं ते तो सहा महिन्यांचा असताना, किडनी जागेवर आहे आणि तो आता शाळेत जातो. मधल्या काळात आम्ही ज्या चुका केल्या, त्यातल्या निम्म्या तरी कुणी आधी सांगितलं असतं तर टळल्या असत्या.

मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस आणि ऑपरेशनची वेळ तुमच्या सर्जननीच ठरवायची. मी सांगतेय ते त्यांच्या खोलीबाहेरचं: कुठला कागद मागून घ्यायचा, काय विचारायचं, कधी थांबायचं आणि कधी अर्ध्या रात्री उठून जायचं.

१. आधी त्या शब्दाची भीती घालवा

हायड्रोनेफ्रोसिसला सगळे ‘किडनीला सूज’ म्हणतात आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. ही मार लागल्यावर येते तशी सूज नव्हे. किडनीत तयार झालेली लघवी आधी एका नरसाळ्यासारख्या भागात जमते, त्याला पेल्विस म्हणतात. तिथून ती मूत्रवाहिनीतून खाली लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात येते. पेल्विसमध्ये लघवी जास्त साठली की तो फुगतो. म्हणजे हा फुगवटा आहे. तो दिसला एवढंच कळलं, का आला हे अजून कळायचंय.

शंभर गर्भारपणांत साधारण एक-दोन वेळा असा फुगवटा दिसतो आणि त्यातली बरीच बाळं कुठल्याही ऑपरेशनशिवाय सुटतात. २८ आठवड्यांच्या आधी पेल्विसचा पुढून-मागे व्यास ४ मिलीमीटरपेक्षा कमी आणि त्यानंतर ७ पेक्षा कमी असेल तर सहसा नॉर्मल धरतात. आमचे ८ विसाव्या आठवड्यातले होते, म्हणून लक्ष ठेवायला सांगितलं.

मागची कारणं मुख्यतः ही:

पीयूजे अडथळा: पेल्विस आणि मूत्रवाहिनी जिथे जुळतात ती जागा अरुंद असते, किंवा बाहेरून एखादी रक्तवाहिनी तिला आडवी जाते. आमचं हेच.

रिफ्लक्स: पिशवीतली लघवी उलटी वर किडनीकडे जाते. याच्या १ ते ५ पायऱ्या आहेत, १ सौम्य आणि ५ सर्वात तीव्र.

मूत्रमार्गातले व्हॉल्व्ह, म्हणजे पीयूव्ही: फक्त मुलग्यांत. लघवी बाहेर पडायच्या वाटेवरच पडदा असतो, त्यामुळे पिशवीवर आणि दोन्ही किडन्यांवर ताण येतो. घाई करायची असते ती इथे.

दुहेरी किडनी, युरेटेरोसील (मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला आलेला फुगा), भलत्याच जागी उघडणारी मूत्रवाहिनी: यांचे प्रकार पुष्कळ आहेत. एक खूण मात्र लक्षात ठेवा. मुलगी नीट शूला जाते, तरी तिची चड्डी दिवसभर थोडी थोडी ओली राहते, असं असेल तर ‘सवय लागेल’ म्हणून सोडून देऊ नका. तिची मूत्रवाहिनी पिशवीच्या बाहेर उघडत असू शकते.

२. जन्मानंतरची पहिली सोनोग्राफी: घाई नको, एक अपवाद सोडून

आमची पहिली चूक इथली. बाळ चोवीस तासांचं असताना सोनोग्राफी झाली, ‘विशेष काही नाही’ असं लिहून आलं आणि आम्ही विषय मिटवला. पहिले एक-दोन दिवस बाळाची लघवीच कमी असते, त्यामुळे फुगवटा लपतो. म्हणून ही तपासणी ४८ तास उलटल्यावर करतात, आणि ती चांगली आली तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करायची असते. आमच्या बाळाचा व्यास सहाव्या आठवड्यात १९ मिलीमीटर निघाला. त्या दुसऱ्या तपासणीला आम्ही जवळपास गेलोच नव्हतो.

अपवाद असा: मुलगा आहे, दोन्ही किडन्या फुगलेल्या आहेत, पिशवीची भिंत जाड दिसते किंवा गर्भजल कमी होतं. अशा वेळी ४८ तास थांबत नाहीत, त्याच दिवशी तपासतात. धार बारीक किंवा ठिबकत येत असेल तर तेही सांगा, पण धार चांगली आहे म्हणून व्हॉल्व्ह नाहीतच असं धरून चालू नका. शिवाय पहिल्या दिवसांतलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) हे बरंचसं आईच्या रक्तातलं असतं, त्या आकड्यावरून हबकूही नका आणि निर्धास्तही होऊ नका.

रिपोर्ट हातात आला की तिथेच उभं राहून पाच गोष्टी लिहिल्यात का ते बघा: पेल्विसचा व्यास मिलीमीटरमध्ये, आतले छोटे कप (कॅलिक्स) फुगलेत का, किडनीच्या गराची जाडी, मूत्रवाहिनी दिसते का, आणि पिशवी भरलेली असताना व रिकामी झाल्यावर काय फरक पडला. नुसतं ‘सौम्य’ किंवा ‘मध्यम’ लिहिलं असेल तर आकडा मागा. एकाचं मध्यम हे दुसऱ्याचं सौम्य असतं. आणि पिशवी तुडुंब असताना काढलेला व्यास रिकाम्या पिशवीच्या व्यासाशी ताडून बघण्यात अर्थ नाही. जमलं तर दर वेळी त्याच सोनोग्राफी करणाऱ्यांकडे जा.

ही सगळी वाटच तुलनेची आहे. एका रिपोर्टवरून फारसं काही ठरत नाही, ओळीने लावलेल्या तीन रिपोर्टांवरून ठरतं.

३. ताप आला की आधी लघवी, मग अँटिबायोटिक

किडनीला फुगवटा असलेल्या बाळाला सर्दी-खोकल्याशिवाय ताप आला, तर पहिला डोस देण्याआधी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) पाठवायला सांगा. डोस आधी गेला की कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि संसर्ग होता की नव्हता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर तापाला थांबायचंच नाही, रात्र असो की दिवस.

नमुना कसा घेतात याकडेही लक्ष द्या. त्वचेला चिकटवायची प्लास्टिकची पिशवी सोपी वाटते, पण त्यात कातडीवरचे जंतू येतात. अशा प्लास्टिकच्या पिशवीतल्या नमुन्यात काही निघालं नाही तर ठीक, पण जंतू निघाले तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. आमच्या बाळाला अशाच एका नमुन्यावरून दहा दिवसांचं औषध झालं आणि नंतरच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला सारला. बारीक कॅथेटर (नळी) घालून घेतलेली लघवी, किंवा धार चालू असताना थेट डबीत धरलेली, ही बरी.

बरेच जण बाळाला रोज रात्री अँटिबायोटिकचा छोटा डोस सुरू करतात. २०१४ साली रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. या डोसमुळे पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, पण किडनीवर नवे व्रण पडण्यात फरक दिसला नाही. त्यामुळे एक डॉक्टर देतात आणि दुसरे देत नाहीत, यात कुणी चुकत असेलच असं नाही. ‘माझ्या बाळाला का, आणि कधीपर्यंत’ हे मात्र विचारा.

४. स्कॅन: कुठला कशासाठी

एमसीयू. पिशवीत कॅथेटरने औषध भरून, बाळ शू करत असताना एक्स-रे काढतात. रिफ्लक्स आणि व्हॉल्व्ह यातच दिसतात. बाळ रडतं आणि आपल्यालाही बघवत नाही. जवळ उभं राहू देतात का ते आधी विचारा. संसर्ग चालू असताना हा करत नाहीत, म्हणून लघवी साफ असल्याचा रिपोर्ट सोबत हवा.

डीएमएसए. किडनीवर व्रण आहेत का ते दाखवतो. कायमचा व्रण बघायचा असेल तर तापाच्या संसर्गानंतर चार ते सहा महिने जाऊ देतात, नाहीतर ताजी जखम आणि जुना व्रण यांची गल्लत होते.

रेनोग्राम. डीटीपीए, एमएजी-३, ईसी अशी नावं ऐकाल. जिथे अडथळ्याचा संशय असतो तिथे निर्णय बहुतेक यावर ठरतो, आणि आईवडील सर्वात जास्त गोंधळतातही यावरच. तो दोन गोष्टी सांगतो.

पहिली, एकूण कामातला वाटा: डावी किती टक्के, उजवी किती. ४५ ते ५५ च्या मध्ये असेल तर बरोबरीचं समजतात. ४० च्या खाली गेला, किंवा दोन स्कॅनच्या मध्ये ठळक घसरला, की ऑपरेशनची चर्चा सुरू होते. पण हा फक्त वाटा आहे. दोन्ही किडन्या सारख्याच कमजोर असतील तरी ५०-५० च येणार.

दुसरी, निचरा. स्कॅनसाठी शिरेतून एक औषध देतात; लघवी वाढवणारं इंजेक्शन दिल्यावर त्यातलं निम्मं किडनीतून किती वेळात खाली उतरलं ते मोजतात. १० मिनिटांच्या आत उतरलं तर चांगलं, २० च्या वर गेलं तर अडथळ्याचा संशय, मधलं संदिग्ध. इथे फसायला जागा भरपूर. बाळाच्या पोटात पुरेसं दूध-पाणी नव्हतं, पिशवी भरलेली होती, किंवा पेल्विस नुसताच मोठा आणि सैल आहे, तरी निचरा हळू येतो. बाळाला उभं धरून, पिशवी रिकामी झाल्यावर उशिराचं चित्र घेतलंय का, ते रिपोर्टमध्ये शोधा. आमच्या पहिल्या स्कॅनमध्ये ते नव्हतं. शिवाय नवजात बाळाची किडनी पुरती कामाला लागलेली नसते, म्हणून हा स्कॅन सहसा पहिल्या महिन्यात करत नाहीत.

आमच्या बाळाचे आकडे: दुसऱ्या महिन्यात डावा वाटा ४६ टक्के, पाचव्या महिन्यात ३७, आणि दरम्यान व्यास १९ वरून २६ मिलीमीटर. सर्जननी दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा फार समजावून सांगायची गरज उरली नाही.

५. ऑपरेशन ठरतं तेव्हा

पीयूजे अडथळ्यासाठी पायलोप्लास्टी करतात. अरुंद तुकडा काढून मूत्रवाहिनी रुंद तोंडाने पेल्विसला पुन्हा जोडायची, ही अँडरसन आणि हाइन्स यांची १९४९ ची पद्धत आजही मूळ आहे, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांत ती एकाच वेळी यशस्वी होते. छोट्या छेदातून, दुर्बिणीतून की रोबोटने, यावर आम्ही पंधरा दिवस घालवले. आता वाटतं, ते वाया गेले. सहा महिन्यांच्या बाळाला उघड्या पद्धतीचा छेदही लहानच असतो. यंत्राच्या नावापेक्षा, एवढ्या लहान बाळांची ही ऑपरेशनं तो हात नेहमी करतो का, हे विचारा.

रिफ्लक्समध्ये खालच्या पायऱ्या मूल वाढता वाढता बऱ्याचदा आपोआप जातात. ताप येऊन वारंवार संसर्ग होत राहिला किंवा नवे व्रण पडू लागले तर दुर्बिणीतून मूत्रवाहिनीच्या तोंडाशी जेलचं इंजेक्शन देतात, नाहीतर मूत्रवाहिनी पिशवीत नव्याने बसवतात. इंजेक्शन सोपं, पण परत द्यावं लागण्याची शक्यता जास्त. नव्याने बसवणं मोठं, पण पक्कं.

व्हॉल्व्ह दुर्बिणीतून कापतात. बाळ फारच लहान असेल तर काही काळ पोटावरच पिशवीला वाट काढून देतात. घरच्यांनी एक लक्षात घ्यावं: पडदा गेला तरी जन्माआधीपासून ताण सोसलेली पिशवी लगेच सुधारत नाही. या मुलांची देखरेख मोठेपणापर्यंत चालते.

मुलग्याच्या लघवीचं छिद्र खालच्या बाजूला असेल, म्हणजे हायपोस्पेडियास, तर ऑपरेशन सहसा ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात. त्याआधी सुंता करू नका. पुढची कातडी दुरुस्तीसाठी लागू शकते.

आणि जन्मतःच गाठींनी भरलेली, काम न करणारी एक किडनी असेल आणि दुसरी उत्तम असेल, तर बहुतेक वेळा काहीच कापत नाहीत, नुसतं बघत राहतात. ‘काहीच करत नाहीत’ म्हणून डॉक्टर बदलू नका.

६. फाइल

दुसरं मत घ्यायला गेलो तेव्हा आमच्याकडे रिपोर्ट होते, चित्रं नव्हती. सर्जननी हात पुढे केला आणि आम्ही कागद दिला. त्यांना फिल्म हवी होती. रेनोग्रामचा आलेख नसेल तर नुसत्या टक्क्यांवर कुणी बोलत नाही. आता फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने हे असतं:

- गर्भारपणातल्या सगळ्या सोनोग्राफी
- जन्माची नोंद: वजन, किती आठवड्यांचं, गर्भजल किती होतं
- प्रत्येक सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि चित्रं
- एमसीयूच्या फिल्म किंवा सीडी, रेनोग्रामचा आलेखासकट पूर्ण अहवाल
- लघवीची कल्चर, नमुना कसा घेतला ते हाताने लिहिलेलं
- क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट, रक्तगट
- लसीकरणाचं कार्ड, चालू औषधं, ॲलर्जी
- ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड

सगळ्यात वर एकच पान: तारीख, वय, व्यास, वाटा, संसर्ग झाला का. डॉक्टर आधी तेच वाचतात.

७. ऑपरेशनचा आठवडा

लघवी साफ असल्याचा ताजा रिपोर्ट लागतो. बाळाला खोकला, कफ, ताप असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेलेली परवडते, कफ असताना दिलेली भूल परवडत नाही.

उपाशी ठेवण्याचे नेहमीचे तास असे: वरचं दूध किंवा खाणं ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास, साधं पाणी २ तास. काही ठिकाणी पाण्याला आणखी सूट देतात. तुमच्या भूलतज्ज्ञांचे तास लिहून घ्या आणि बाळाला शेवटचं पाजायला गजर लावा. आम्ही ‘जास्त सुरक्षित’ म्हणून आधीच बंद केलं, आणि बाळ आठ तास रडलं.

संमतीच्या कागदावर बाजू वाचा. डावी की उजवी, ते नीट लिहिलेलं असलं पाहिजे आणि आत नेण्याआधी अंगावर खूण झालेली असली पाहिजे. विचारायला संकोच करू नका.

८. नळ्या, आणि विसरला जाणारा स्टेंट

बाळ बाहेर येतं ते नळ्यांसकट. लघवीची नळी, कधी जखमेजवळचा ड्रेन (आत साठलेलं पाणी बाहेर काढणारी नळी), सलाईन. ही एक-दोन दिवसांत निघतात. आत राहतो तो डीजे स्टेंट: किडनीपासून पिशवीपर्यंतची बारीक, दोन्ही टोकांना वळलेली नळी. जोड भरून येईपर्यंत ती वाट उघडी ठेवते. साधारण चार ते सहा आठवड्यांनी दुर्बिणीतून काढतात, त्यासाठी बाळाला पुन्हा थोडी भूल द्यावी लागते. काही सर्जन टोक बाहेर ठेवलेली किंवा चुंबकाने काढता येणारी नळी वापरतात, दुसरी भूल टळते का हे ऑपरेशनआधी विचारून ठेवा.

स्टेंट असेपर्यंत लघवी अधूनमधून गुलाबी होणं, वारंवार शू होणं चालतं. चालत नाही ते विसरणं. बाळ हसतंय, खेळतंय, टाके भरलेत, तारीख निघून जाते. महिनोन्‌महिने राहिलेल्या स्टेंटवर खडे चढतात आणि मग तो काढणं मूळ ऑपरेशनपेक्षा अवघड होऊन बसतं. आमच्या डिस्चार्ज कार्डावर ‘स्टेंट’ हा शब्दच नव्हता. तोंडी सांगितलं होतं, तेही आम्ही झोपेत असल्यासारखे उभे असताना. कार्डावर ‘आत स्टेंट आहे, अमुक तारखेच्या आत काढणे’ असं लिहून घेतल्याशिवाय निघू नका, आणि ती तारीख घरातल्या दोघांच्या फोनमध्ये घाला.

९. घरी आल्यावर

बाळ अचानक पाय पोटाशी घेतं, लाल होतं, किंचाळतं आणि दोन मिनिटांत शांत होतं. जखमेचं दुखणं असं येत-जात नाही, ही बहुधा पिशवीची कळ असते. नळीमुळे पिशवी आकसते. यासाठी ऑक्सिब्युटिनिन देतात. त्याने बद्धकोष्ठ होतं आणि बद्धकोष्ठाने कळा वाढतात, म्हणून शी रोज होतेय ना याकडे डोळा ठेवा.

लघवीची नळी असताना घरी सोडलं तर दोन डायपर घालतात. आतल्याला भोक पाडून नळी बाहेर काढायची, म्हणजे शी आतल्यात आणि लघवी बाहेरच्यात. नर्सकडून निघण्याआधी एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.

फोन न करता थेट जायचं ते असं झालं तर: ३८ सेल्सियसच्या वर ताप, लघवी सहा-आठ तास नाही, गाठी पडलेलं किंवा गडद लाल रक्त, सतत उलट्या, पोट किंवा कूस फुगणं, जखमेतून पाण्यासारखं काही गळत राहणं, नळी निसटणं.

१०. पुढची वर्षं

स्टेंट काढल्यावर महिना-दोन महिन्यांनी सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टमध्ये पुन्हा तोच शब्द होता, हायड्रोनेफ्रोसिस. मी रिक्षातच रडले. सर्जननी आकडा बघितला: २६ चे १७ झाले होते. वर्षानुवर्षं ताणलेला फुगा हवा काढल्यावर पूर्ववत होत नाही, तसंच हे. फुगवटा हळूहळू उतरतो, कधी थोडा कायमचा राहतो, आणि तरी ऑपरेशन यशस्वीच असतं. कमी होतोय किंवा स्थिर आहे, आणि वाटा घसरला नाही, एवढं बघायचं. तीन ते सहा महिन्यांनी रेनोग्राम करतात. आमचा ४१ टक्क्यांवर आला आणि तिथेच आहे.

त्यानंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासतात, विशेषतः व्रण असतील किंवा एकच किडनी काम करत असेल तर. रक्तदाब मुलाच्या दंडाच्या मापाच्या पट्ट्यानेच मोजायला सांगा. पट्टा लहान पडला की आकडा उगाच जास्त येतो. तुमच्या मुलाला रिफ्लक्स निघाला असेल तर धाकट्या भावंडाचं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, कारण भावंडांतल्या साधारण एक चतुर्थांश मुलांतही तो सापडतो.

शाळा सुरू झाली की मुलं शू धरून ठेवतात. आम्ही वर्गशिक्षिकेला चिठ्ठी दिली: विचारलं की जाऊ द्या, ‘सुट्टीत जा’ म्हणू नका. तिची एक प्रत फाइलमध्ये आहे, कारण दर जूनला ती नव्या बाईंना द्यावी लागते.